डनब्लेनचे मौन

स्कॉटलंडच्या मध्यभागी, स्टर्लिंग या ऐतिहासिक शहराच्या उत्तरेस, ॲलन नदीच्या काठी डनब्लेन नावाचे एक लहान गाव वसलेले आहे. गावाचे नाव संत ब्लेन यांच्यावरून पडले. सहाव्या-सातव्या शतकांतील केल्टिक मठवासीयांच्या परंपरेतील हा संत. त्याच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्याचा खालचा भाग बाराव्या शतकातला आहे, तर मुख्य इमारत तेराव्या शतकात बिशप क्लेमंट यांनी उभारली. हे क्लेमंट डोमिनिकन संघाचे होते. १५६० साली स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली, कॅथीड्रल कॅथलिक ख्रिस्तसभेच्या हातून गेले आणि पुढे त्याच्या मोठ्या दालनाचे छप्परही कोसळले. जवळजवळ तीनशे वर्षे ते दालन आभाळाखाली उघडे होते. १८८९ ते १८९३ या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला. आज तेथे प्रेस्बिटेरियन पंथाची उपासना चालते. गावातील मूठभर कॅथलिकांसाठी पवित्र कुटुंबाच्या नावाचे एक साधे चर्च आहे.

हा जुना इतिहास सांगण्याचे कारण असे की, डनब्लेनचे नाव घेतले की जगाला यातले काहीच आठवत नाही. जगाला आठवते ती १३ मार्च १९९६ या दिवसाची सकाळ. गावाला मात्र दोन्ही इतिहास सांभाळावे लागतात.

तो प्रायश्चित्तकाळातील बुधवार होता. साडेनऊच्या सुमारास डनब्लेन प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत पहिलीच्या वर्गातील २८ मुले खेळाच्या तासासाठी जमली होती. मुले पाच-सहा वर्षांची. चार पिस्तुले आणि ७४३ काडतुसे घेऊन एक माणूस आत शिरला. तीन-चार मिनिटांत त्याने १०५ गोळ्या झाडल्या आणि शेवटची गोळी स्वतःला घातली. सोळा मुले आणि त्यांच्या वर्गशिक्षिका मरण पावल्या. आणखी काही मुले व शिक्षिका जखमी झाल्या. त्या माणसाचे नाव सर्व पुस्तकांत आहे. ते येथे लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

यानंतरच्या रविवारी, १७ मार्च रोजी, प्रायश्चित्तकाळातील चौथा रविवार होता. आपल्या उपासना-वर्षात हा आनंदाचा रविवार. त्या दिवशी जांभळ्या वस्त्राऐवजी गुलाबी वस्त्र परिधान करण्याची मुभा धर्मगुरूंना असते आणि ख्रिस्तयागाचे प्रवेशगीतच मुळी हर्षाचे आवाहन करते. ब्रिटनमध्ये हाच रविवार मातृ-रविवार म्हणून पाळला जातो; मुले आईसाठी फुले आणतात. त्या दिवशी राणी एलिझाबेथ आणि राजकन्या ॲन डनब्लेनला आल्या आणि साऱ्या देशाने एक मिनीट मौन पाळले. त्या सकाळी वेदीपुढे उभे राहून प्रवचन करण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्या माझ्या व्यवसायबंधूंचा विचार माझ्या मनातून अनेक वर्षे गेलेला नाही. अशा वेळी पुस्तकी धर्मज्ञान फारसे कामी येत नाही, हे सेमिनरीत शिकलेला प्रत्येक धर्मगुरू पहिल्या लहान मुलाच्या मर्तिकाला शिकतो.

त्या आठवड्यात गावाने एक निर्णय घेतला. जगभरातून वार्ताहर आणि कॅमेरे आले होते. गल्लीगल्लीत उपग्रह-वाहिन्यांच्या गाड्या उभ्या होत्या. अंत्यविधी सुरू होण्यापूर्वी आपण गाव सोडून जावे, अशी विनंती गावाने त्यांना केली. आश्चर्य असे की, बहुतेकांनी ती मानली. ती लहान शवपेट्यांची मिरवणूक जगाने पाहिली नाही. पुढे ९ ऑक्टोबर १९९६ रोजी कॅथीड्रलमध्ये स्मृतिसभा झाली, ती दूरचित्रवाणीवरून दाखवण्यात आली. पण तोवर सात महिने उलटले होते आणि जे दाखवायचे ते गावाने ठरवले होते. पहिल्या स्मृतिदिनी गावकऱ्यांनी आपापल्या खिडकीत एकेक पेटती मेणबत्ती ठेवली. मोर्चा नव्हता, भाषणे नव्हती.

हे झाले डनब्लेनचे पहिले मौन. दुःखितांच्या दारी बसून बोलू नये, हे ईयोबाच्या मित्रांनीही सात दिवस पाळले होते. ते बोलू लागले तेव्हाच बिघाड झाला. आपल्याकडेही मयताच्या घरी शेजारी येतात, ओटीवर बसतात आणि न बोलता उठून जातात. त्याला कोणी उणे मानीत नाही. या मौनाचे मोल मला मान्य आहे. परंतु डनब्लेनमध्ये आणखी एक मौन होते. ते या शोकाहून जुने होते आणि ते मोडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

घटनेनंतर काही दिवसांतच सरकारने लॉर्ड कलन या न्यायाधीशांची चौकशी-आयोग म्हणून नेमणूक केली. उत्तर समुद्रात पायपर आल्फा या तेल-मनोऱ्यावर १९८८ साली लागलेल्या आगीत १६७ कामगार दगावले होते. त्या दुर्घटनेची चौकशीही यांनीच केली होती. २९ मे ते १० जुलै १९९६ या काळात स्टर्लिंग येथे जाहीर सुनावणी झाली आणि १६ ऑक्टोबरला अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात जे बाहेर आले, ते वाचताना मन सुन्न होते.

हा मारेकरी आकाशातून पडला नव्हता. तो त्याच परिसरातला, त्रेचाळीस वर्षांचा, मुलांचे क्रीडामंडळ चालवणारा माणूस होता. १९७४ साली, म्हणजे घटनेच्या बावीस वर्षे आधी, बालवीर संघटनेने त्याच्या वर्तनाविषयीच्या तक्रारींवरून त्याचे नायकपद काढून घेतले होते. त्यानंतरही तो शाळांची सभागृहे भाड्याने घेऊन मुलांचे वर्ग चालवीत राहिला. पालकांनी तक्रारी केल्या. काही पालकांनी आपली मुले मंडळातून काढून घेतली. १९९१ च्या उन्हाळ्यात त्याने भरवलेल्या एका शिबिरानंतर पोलिसांनी तपास केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तपास करणाऱ्या एका सार्जंटने वरिष्ठांना लेखी कळवले की, हा मनुष्य बंदूक बाळगण्यास योग्य वाटत नाही. त्याचा परवाना काढून घेण्याचा गांभीर्याने विचार व्हावा. ते टिपण वर गेले, त्यावर शेरा पडला आणि काहीच घडले नाही. १९९२ मध्ये परवान्याचे नूतनीकरण झाले. १९९५ मध्ये पुन्हा झाले. १३ मार्चच्या सकाळी त्याच्या हातात असलेली चारही शस्त्रे कायदेशीर होती. त्या अधिकाऱ्याच्या टिपणावर कारवाई न करणाऱ्या पोलीस दलाच्या उपप्रमुखांना अहवालानंतर राजीनामा द्यावा लागला.

चार वर्षांहून अधिक काळ आधी एका सामान्य हुद्द्याच्या माणसाने खरे ते लिहून ठेवले होते, एवढेच या प्रकरणात लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे. त्याचे वरिष्ठ दुष्ट नव्हते. पुरेसा पुरावा नाही, खटला टिकणार नाही, उगाच एखाद्याची बदनामी का करावी, अशी त्यांची विचारसरणी होती. असे विचार सज्जन माणसेच करतात. मुलांशी गैर वागणाऱ्यांच्या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेतही अनेक देशांत नेमके हेच विचार वर्षानुवर्षे केले गेले आणि त्याची किंमत मुलांनी मोजली, हे आज कोणा कॅथलिकाला नाकारता येणार नाही. म्हणून कलन अहवालातील ती पाने एखाद्या धर्मगुरूने परक्या देशाचा पोलिसी कारभार म्हणून वाचू नयेत.

डनब्लेनच्या काही पालकांनी हे मौन मोडायचे ठरवले. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. लहान गावात प्रश्न विचारणाऱ्याला एकटे पडावे लागते. झाले ते झाले, आता गावाला शांतता हवी, असे म्हणणारे शेजारी तेथेही होते आणि त्यांचे म्हणणे स्वार्थाचेच होते असे नाही. त्यांनाही मुले वाढवायची होती. ज्यांची मुले गेली ते आणि ज्यांची वाचली ते एकाच दुकानात पाव घेत होते, एकाच चर्चमध्ये गुडघे टेकत होते. एका पित्याने २००० साली या साऱ्यावर पुस्तकच लिहिले. त्याची तक्रार शोकाविषयी नव्हती. तक्रार होती ती कोणी काय केले नाही याविषयी. शोक करणाऱ्या बापाकडून जगाची अपेक्षा असते की त्याने रडावे. त्याने कागदपत्रे मागितली की लोक अवघडतात.

दुसरीकडे शोकाकुल कुटुंबांच्या परिचयातील काही स्त्रियांनी एक निवेदन तयार केले. खाजगी व्यक्तीला घरी पिस्तूल बाळगण्याची मुभा असू नये, एवढीच त्यातील मागणी. त्याला त्यांनी स्नोड्रॉप हे नाव दिले. स्नोड्रॉप हे खाली मान घातलेले इवलेसे पांढरे फूल. मार्चच्या त्या थंडीत तेथे तेवढेच फुललेले होते. इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वीचे ते दिवस. कागद हातोहात फिरले, दुकानांत आणि चर्चच्या दाराशी मेजे मांडली गेली आणि काही महिन्यांत सात लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या. नेमबाजीच्या मंडळांनी विरोध केला, निरपराध खेळाडूंना शिक्षा का, असा त्यांचा सवाल होता. राजघराण्यातील एका ज्येष्ठ व्यक्तीने तर क्रिकेटच्या बॅटचे उदाहरण देऊन वाद ओढवून घेतला. लॉर्ड कलन यांची स्वतःची शिफारस संपूर्ण बंदीची नव्हती. पिस्तुले सुटी करून त्यांचे भाग वेगळे ठेवता येतील का, हे आधी पाहावे असे त्यांनी सुचवले होते. सरकार त्याच्या पुढे गेले. १९९७ च्या आरंभी जॉन मेजर यांच्या सरकारने बहुतेक पिस्तुलांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या टोनी ब्लेअर यांच्या सरकारने उरलेल्या लहान मापाच्या पिस्तुलांवरही घातली. हे दोन्ही नेते, त्या वेळी एकमेकांचे विरोधक, घटनेनंतर दोन दिवसांनी डनब्लेनला एकत्र गेले होते. मालकांना नुकसानभरपाई देऊन सुमारे १,६२,००० पिस्तुले परत घेण्यात आली.

यापूर्वी १९८७ साली इंग्लंडमधील हंगरफर्ड गावात एका माणसाने सोळा जणांना गोळ्या घातल्या, तेव्हा काही प्रकारच्या रायफलींवर बंदी आली होती, पण पिस्तुले तशीच राहिली होती. म्हणजे एक धडा अर्धाच शिकून झाला होता. १९९७ च्या कायद्यानंतर ब्रिटनमध्ये बंदुकीच्या गुन्ह्यांचा समूळ नायनाट झाला असे नाही. २०१० साली कंब्रियात बारा जण मारले गेले. मात्र कोणत्याही शाळेत डनब्लेनसारखे हत्याकांड पुन्हा घडले नाही.

तरीही एक कुलूप राहिलेच. चौकशीची पुष्कळशी कागदपत्रे शंभर वर्षे बंद ठेवण्याचा निर्णय झाला होता. त्यांत ज्या मुलांचा उल्लेख आहे त्यांची ओळख उघड होऊ नये, असे कारण देण्यात आले. कारण खरे होते. पण शंभर वर्षे हा काळ असा आहे की त्यानंतर विचारणारेही उरत नाहीत आणि ज्याला विचारायचे तेही उरत नाहीत. गावात आणि वर्तमानपत्रांत संशयाचे पीक आले. अखेर ऑक्टोबर २००५ मध्ये मुलांची नावे झाकून बरीच कागदपत्रे खुली करण्यात आली. ती वाचून सगळ्या शंका फिटल्या असे कोणी म्हणणार नाही. पण झाकायचे काय आणि उघडायचे काय, याचा निवाडा नावे झाकून आणि मजकूर उघडून करता येत होता, तर तो नऊ वर्षे आधीही करता आला असता.

आता स्मरणाच्या खुणांकडे वळतो. घटना घडली ती व्यायामशाळा महिन्याभरातच, एप्रिल १९९६ मध्ये, पाडून टाकण्यात आली आणि तेथे बाग करण्यात आली. शाळा मात्र तीच राहिली. मुले दुसऱ्याच आठवड्यात वर्गात परतली. गावाच्या दफनभूमीत, जेथे यातील बरीच मुले विसावली आहेत, १९९८ च्या मार्चमध्ये एक स्मृतिउद्यान खुले झाले. त्यात कारंजे आहे आणि सर्वांची नावे आहेत. २००१ साली कॅथीड्रलमध्ये रिचर्ड किंडर्स्ली या अक्षरशिल्पकाराने घडवलेला माणसाहून उंच असा एक पाषाण उभा करण्यात आला. त्यावर कोरलेल्या वचनांत शुभवर्तमानातील तो प्रसंग आहे, ज्यात प्रभू येशू एका बालकाला जवळ बोलावून शिष्यांच्या मध्यभागी उभे करतो. गंमत पाहा, ज्या सुधारणेने स्कॉटलंडच्या चर्चमधील मूर्ती आणि वेद्या फोडल्या, तिच्याच वारसांना शोकाच्या घडीला पाषाण आणि काच हवी झाली. पवित्र कुटुंबाच्या आपल्या कॅथलिक चर्चमध्ये, संत ब्लेन यांच्या नावाच्या चर्चमध्ये आणि शेजारच्या लेक्रॉप्ट गावच्या चर्चमध्ये या मुलांच्या स्मरणार्थ रंगीत काचेच्या खिडक्या बसवल्या आहेत. तीन चर्चेस, आणि रविवारी ऊन पडले की तिन्ही ठिकाणी भाविकांच्या अंगावर तोच प्रकाश.

पण मला सर्वांत भावते ती वेगळीच वास्तू. जगभरातून आलेल्या देणग्यांतून गावाने २००४ साली तरुणांसाठी एक केंद्र उघडले. तेथे मुले खेळतात, नाचतात, संगीत शिकतात. तेथील काचांवरही गेलेल्या मुलांच्या खुणा कोरल्या आहेत, पण तेथे येणाऱ्या मुलांनी गप्प बसावे अशी कोणाची अपेक्षा नाही.

वाचलेल्या मुलांविषयी जग एकाच नावाने जाणते. टेनिसपटू अँडी मरे त्या वेळी आठ वर्षांचा होता आणि त्याच शाळेत शिकत होता; त्याचा थोरला भाऊ जेमीही तेथेच होता. अँडी अनेक वर्षे या विषयावर बोललाच नाही. २०१३ मध्ये एका चित्रपटासाठीच्या मुलाखतीत हा विषय निघाला तेव्हा त्याला रडू आवरले नाही. २०१२ साली त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा डनब्लेनमधील एक टपालपेटी सोनेरी रंगवण्यात आली. डनब्लेनचे नाव वर्तमानपत्रांत आनंदाच्या बातमीसाठी छापून आले याचे गावाला किती अप्रूप वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर वीस वर्षे जाहीरपणे तोंड उघडले नव्हते. २०१६ साली बीबीसीच्या एका चित्रपटात ते प्रथम बोलले. ज्या खोलीत ते त्या सकाळी धावत गेले, तिच्याविषयी वीस वर्षे न बोलणे हा दुबळेपणा मानू नये. प्रत्येकाचे मौन त्याच्या स्वतःच्या वेळेलाच सुटते.

येथे क्षमेचा प्रश्न येतो आणि आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात तो आधीच आला असेल. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात निकेल माइन्स येथे २ ऑक्टोबर २००६ रोजी एका माणसाने आमिश पंथीयांच्या शाळेत पाच मुलींची हत्या केली. त्या पंथाचे लोक त्याच संध्याकाळपासून मारेकऱ्याच्या घरच्यांच्या सांत्वनाला गेले आणि त्याच्या दफनविधीलाही मोठ्या संख्येने उपस्थित राहिले. दहा दिवसांत त्यांनी ती शाळा पाडली आणि तेथे गवत उगवू दिले. ना पाषाण, ना फलक. ही साक्ष अलौकिक आहे. तथापि ती घेऊन डनब्लेनच्या आईबापांपुढे उभे राहण्याचा अधिकार कोणाला आहे? क्षमा ही ज्याचे गेले त्याने द्यायची असते. धर्मगुरूने ती त्याच्या वतीने जाहीर करायची नसते आणि चौकशीच्या ऐवजी तर मुळीच मागायची नसते. आमिश लोकांकडे १९९१ च्या टिपणासारखा कागद नव्हता, हेही ध्यानात घ्यावे.

ख्रिस्तसभा २८ डिसेंबरला बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा सण पाळते. नाताळचे पाळणे अजून उतरलेले नसतात, तारे टांगलेले असतात आणि तिसऱ्याच दिवशी हे लाल वस्त्र येते. मत्तय ती कथा सांगताना हेरोदाचे नाव लपवीत नाही, त्याच्या आज्ञेचा हिशेबही देतो, आणि राहेलचे रडणे कोणी थांबवू शकले नाही हेही सांगतो. तिची समजूत घालण्याचा प्रयत्न शुभवर्तमानात कोणी करीत नाही. मला वाटते, दोन्ही मौने कशी वेगळी करावीत हे मत्तयाला ठाऊक होते. आईच्या रडण्यापुढे तो गप्प राहतो, राजाच्या दुष्कृत्यापुढे राहत नाही.

१४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन गावी सँडी हुक प्राथमिक शाळेत वीस बालके आणि सहा शिक्षिका व कर्मचारी मारले गेले. पुन्हा पहिलीचे वर्ग. दोन दिवसांनी येणारा रविवार आगमनकाळातील तिसरा होता. म्हणजे वर्षातील दुसरा गुलाबी वस्त्राचा, आनंदाचा रविवार. वर्षाच्या बावन्न रविवारांत गुलाबी रविवार दोनच, आणि या दोन गावांना ते दोन्ही वाट्याला आले. न्यूटाउनच्या सेंट रोझ ऑफ लिमा चर्चमध्ये त्या दिवशी ख्रिस्तयाग चालू असताना धमकी आली आणि चर्च रिकामे करावे लागले. तेथील धर्मगुरू मॉन्सिन्योर रॉबर्ट वाइस यांनी आपल्या धर्मग्रामातील आठ बालकांचे अंत्यविधी केले.

त्यांना स्कॉटलंडहून एक पत्र आले. पाठवणारे होते डनब्लेनच्या पवित्र कुटुंब चर्चचे फादर बेझिल ओसलिव्हन, १९९६ साली त्या गावात असलेले. ओळखदेख काही नव्हती. त्या पत्रातून दोन धर्मगुरूंची मैत्री जमली आणि तिच्यावर पुढे एक लघुचित्रपटही निघाला. धर्मगुरूला आपले दुःख घेऊन कोणाकडे जावे हा प्रश्न नेहमीच असतो. भाविक त्याच्याकडे येतात. त्याने कोणाकडे जावे? न्यूटाउनच्या धर्मगुरूला समुद्रापलीकडचा एक म्हातारा बंधू लाभला, ज्याला काही समजावून सांगावे लागत नव्हते.

पत्रातून सांत्वन गेले, कायदा मात्र जाऊ शकला नाही. बंदूक विकत घेणाऱ्याच्या पार्श्वभूमीची तपासणी वाढवावी, एवढ्या माफक मागणीचे विधेयक १७ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकन सिनेटमध्ये आले. बाजूने ५४ आणि विरुद्ध ४६ मते पडली. तेथील नियमानुसार ६० हवी होती. कनेक्टिकट राज्याने स्वतःपुरता कायदा कडक केला. न्यूटाउनला मिळाली ती खेळणी. साठ हजारांहून अधिक कापडी अस्वले आली आणि पत्रे तर मोजता येईनात. फुले आणि पत्रे पुढे मातीत परिवर्तित करून ती माती गावाच्या स्मारकासाठी वापरण्यात आली. ते स्मारक १३ नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले: मध्ये एक झाड, भोवती फिरते पाणी आणि पाण्याच्या कडेने सव्वीस नावे.

नोव्हेंबर महिन्यात आपल्या धर्मग्रामांत मृतांच्या नावांचे लिफाफे येतात. आजी-आजोबांची, कधी न पाहिलेल्या पणजोबांची, तर कधी जन्मून दोन दिवसच जगलेल्या बाळांची नावे त्यांत असतात. ती वाचताना वेळ लागतो म्हणून एखाद्या उतावळ्या भाविकाची कुरकुर होते. न्यूटाउनमध्ये १२ जून २०२४ रोजी माध्यमिक शाळेचा पदवीदान समारंभ झाला. त्या दिवशी वाचलेली मुले अठरा वर्षांची होऊन शाळा सोडत होती. काहींच्या झग्यावर हिरवी फीत होती. पदव्या देण्यापूर्वी वीस नावे वाचण्यात आली, जी मुले त्यांच्याच रांगेत बसायची होती. मग क्षणभर सगळे गप्प राहिले, आणि त्यानंतर हजर असलेल्यांची नावे पुकारायला सुरुवात झाली.